विमान डावीकडेच का जायचं

असल्या गूढ अनुभवांच्या सदरासाठी मी कधी काही लिहीन असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. बावीस वर्षं मी जळगावच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब घेते. माझ्या मते जगात दोनच दोष असतात – सुटलेलं सोल्डरिंग, नाहीतर माणसाची चूक. निदान मागच्या मे महिन्यापर्यंत तरी मी असंच मानत होते.

माझ्या नवऱ्याला, विजयला, पायलट व्हायचं होतं. चष्म्याने घात केला. आता तो धुळ्याला सरकारी नोकरीत आहे, शनिवारी घरी येतो. गच्चीवरच्या खोलीत त्याने फ्लाइट सिम्युलेटर बसवलाय, म्हणजे कॉम्प्युटरवरच विमान उडवायचं, पण खऱ्यासारख्या कॉकपिटमध्ये बसून. प्लायवूडचा खोका, भंगारातली कारची सीट (बेल्टसकट), समोर तीन स्क्रीन, पायात पेडल आणि हातात विमानाचं हँडल. त्याला योक म्हणतात. या योकमध्ये मोटर नाही. नुसती स्प्रिंग आहे. सोडलं की मध्यावर येतं, बस्स.

"विमान डावीकडे ओढतंय गं," विजय एका रविवारी म्हणाला. "मी सरळ धरलंय, तरी वळतंय."

मला वाटलं, आतला सेन्सर खराब झाला असेल. धूळ बसली की असं होतंच. मी योक उघडलं, साफ केलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सेन्सर बदलला, वायर बदलली, घराचं अर्थिंग मीटर लावून तपासलं, शेवटी विजयचा लॅपटॉप जोडून पाहिला. टेस्टिंगच्या स्क्रीनवर काटा बरोबर मधोमध. जळगावच्या रनवेवरून उड्डाण केलं की मात्र विमान डावीकडे! तीन आठवडे हेच चाललं होतं. मी इरेला पेटले होते म्हणा ना.

तो बुधवार होता. मला सुट्ट्या लागलेल्या, घरात मी एकटी. दुपारचे अडीच वाजले असतील. मोबाइल खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला, खिशात स्क्रू ड्रायव्हर टाकला आणि वर गेले. सीट मागेपुढे घसरते म्हणून बेल्ट लावला. पूर्वेकडे तोंड करून विमान उडवलं.

डावीकडे ओढ लागली. पण या वेळी नुसतं स्क्रीनवरचं विमान वळत नव्हतं. हातातलं योक वळत होतं.

मी दोन्ही हातांनी उलटं पिळलं. ते हलेना. कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं… भुसावळ उजवीकडे राहिलं, तापी ओलांडली, केळीच्या बागांचे हिरवे चौकोन सुरू झाले. मग विमान एका गावावर गोल गोल फिरू लागलं. रेल्वेची लाइन आणि रस्ता बघून मी ओळखलं – सावदा. विजयचे मोठे भाऊ तिथेच असतात, केळीचा व्यापार आहे त्यांचा.

मी योकची वायर उपटली. कॉम्प्युटरने टुंग केलं. योक तसंच वळलेलं. तेवढ्यात लाइट गेली. तिन्ही स्क्रीन काळे, खोक्यात अंधार, आणि योक आणखी खाली आलं. त्याची डावी मूठ माझ्या मांडीवर दाबली गेली, हाड दुखेपर्यंत. उठायला गेले तर बेल्ट लॉक. बटण दाबतेय, दाबतेय… निघत नाही. ओरडले. मे महिन्यातली दुपार, सगळी कॉलनी दारं लावून झोपलेली, कोण ऐकणार?

बाहेर जळगावचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याच्या छताखाली भट्टी असते. आणि मला थंडी वाजत होती. दात वाजत होते. श्वास घेतेय, पण पुरत नाही असं वाटत होतं. पिकत आलेल्या केळांचा गोडसर वास… घरात एकही केळं नव्हतं.

तेव्हा मी रडले. खोटं कशाला सांगू?

मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर आठवला. योक खोक्याच्या समोरच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळलेलं होतं. चाचपडत एक काढला, बोटं बधिर झालेली, दुसऱ्याला किती वेळ लागला माहीत नाही. योक सुटून मांडीवर पडलं. अगदी हलकं, प्लास्टिकचं. बेल्टचं बटण पहिल्याच दाबात उघडलं.

धावत खाली आले आणि भाऊंना फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग माझ्या मोठ्या जाऊबाईंना, अक्कांना लावला.

"अक्का, भाऊ कुठं आहेत?"

"जेवून चेंबरवर गेले. काहून गं?"

चेंबर म्हणजे केळी पिकवायची थंड खोली. दार हवाबंद, आत पिकवायचा गॅस.

"सोबत कोण आहे?"

"कोनीच नही. आज मजूर लग्नाले गेले. आता येतीनच हे."

"अक्का, आत्ता जा. कुणाला तरी घेऊन जा, चेंबरचं दार उघडा."

"अगं पन झालं काय?"

काय सांगणार होते मी? "विचारू नका. जा!"

वीस मिनिटांनी अक्कांचा फोन आला. नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग शेजारच्या माणसाने फोन घेतला. दार आपोआप लागून घट्ट बसलं होतं, आतून उघडायचा दांडा निकामी झाला होता. भाऊ क्रेटला टेकून बसलेले, शुद्ध जवळजवळ हरपलेली. फैजपूरच्या दवाखान्यात नेत होते. डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेवर आणलंत.

चार दिवसांनी आम्ही भेटायला गेलो. भाऊ खाटेवर बसून चहा पीत होते.

"आतला दांडा डावीकडे पिळत होतो," ते म्हणाले. "दिसत काहीच नव्हतं. पिळत होतो, पिळत होतो… मंग हातच उचलेना."

विजयने माझ्याकडे पाहिलं. मी धीर करून विचारलं, "भाऊ, त्या वेळी माझी आठवण आली होती का?"

"नही गं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "तू काहून आठवशीन? अक्काच आठवली."

अक्का पदर डोळ्यांना लावून हसल्या. मांडीवरचा काळानिळा डाग मी कुणाला दाखवला नाही.

घरी आल्यावर मी योक पुन्हा उघडलं. स्प्रिंग, सेन्सर, चार स्क्रू. दुसरं काही नाही. त्या दिवसापासून विमान सुतासारखं सरळ उडतंय.

लोक म्हणतात, रक्ताची ओढ असते, संकटात हाक पोहोचते. माझं तर भाऊंशी रक्ताचं नातंही नाही. तरी घटकाभर मानते. पण विजयच्या कॉम्प्युटरमध्ये त्या तीन आठवड्यांच्या उड्डाणांचे नकाशे आहेत. आम्ही दोघांनी एक-एक उघडून पाहिले. प्रत्येक रेघ सावद्याच्या दिशेला वाकलेली.

त्या तीन आठवड्यांत भाऊ ठणठणीत होते. बाहेर होते, उन्हात हिंडत होते, चेंबरचं दार रोज उघडत होतं. मग तेव्हा ते विमान कोण ओढत होतं?

मला खरंच माहीत नाही.