कुलपामागून आलेलं उत्तर

आधीच सांगते, मी सायन्सची पदवीधर. आमच्या घरी अमावस्या-पौर्णिमा फक्त कॅलेंडरवर असायच्या. कुणी भुताचा किस्सा सुरू केला की मी चहा टाकायला उठायचे, आजही उठते. पण एक दुपार अशी आहे की तिच्याबद्दल मी इतकी वर्षं घराबाहेर कुणाशी बोलले नाही... आता सत्तरी उलटली, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. तेव्हा देशभर एक सर्व्हे निघाला – कामाला जाणाऱ्या बायकांची लहान मुलं दिवसभर कुणापाशी असतात, पाळणाघरं कुठं हवीत, असा. सोलापुरातून आम्हा चार मुलींना घेतलं. सात रस्ता चौकाजवळच्या एका खोलीत ट्रेनिंग झालं. आमचे सुपरवायझर कुलकर्णी सर. त्यांनी बजावलं होतं – प्रश्न छापलाय तसाच विचारायचा, कुणाच्या घरच्या गोष्टीत पडायचं नाही, आणि दाराला कुलूप दिसलं तर 'घर बंद' लिहून पुढं जायचं.

त्या दिवशी मी शुक्रवार पेठेतल्या एका बोळात होते. उन्हाळा लागला होता, दुपारचे अडीच वाजले असतील. बोळातलं पहिलंच घर. एका खोलीचं बिऱ्हाड. दाराला कुलूप, शेजारी गजांची लहान खिडकी, तिला आतून गोणपाट लावलेलं. मी 'घर बंद' लिहायला पेन टेकवलं, तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला – कोण आहे?

मला नवल वाटलं नाही. म्हातारं माणूस आत असलं की लोक बाहेरून कुलूप लावून कामाला जात. मी खिडकीपाशी उभी राहून सर्व्हेचं सांगितलं आणि प्रश्न सुरू केले. घरात मूल किती? एक, मुलगी, अकरा महिन्यांची. आई काय करते? शेंगदाणे निवडायला जाते. आवाज वयस्क होता, शांत होता. मी विचारलं, आई कामावर असताना मुलीला कोण बघतं?

"मी आहे ना."

मुलीशी नातं काय, असं पुढं छापलेलं होतं. त्यावर मात्र उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा आतून ऐकू आलं,

"कूसिगी ज्वरा बंदाव. अव्वन्न करी."

बाळाला ताप आलाय, आईला बोलाव. मग तिनं सांगितलं की आईचं नाव सुंदरा, बोळ संपला की डाव्या हाताला शेंगांची वखार आहे, तिथं ती असते.

मी घुटमळले. घरच्या गोष्टीत पडायचं नाही, हे डोक्यात होतं. पण त्या आवाजात विनवणी नव्हती, घरचं मोठं माणूस काम सांगतं तसं ते होतं. मी गेले.

वखारीत पंचवीस-तीस बायका ओळीनं बसल्या होत्या. सुंदरा कोण, विचारल्यावर एक तरुण बाई उठली. मुलीला ताप आहे म्हटलं, तर तिनं मुकादमाकडं बघितलंसुद्धा नाही, पळतच सुटली. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला होती. तिनं दोरा तोडून ती माझ्या हातात दिली, कुलूप मीच उघडलं.

आत दहा बाय दहाची खोली. मागं दार नाही. लुगड्याच्या झोळीत मुलगी – डोळे फिरलेले, अंग ताठ, तव्यासारखं तापलेलं. त्या क्षणी मला दुसरं काही दिसलं नाही. जवळच्या डॉक्टरांकडं आम्ही तिला घेऊन धावलो. ते म्हणाले, तापातले झटके आहेत, बरं झालं वेळेत आणलंत. संध्याकाळी मुलगी रडली, दूध प्याली, तेव्हा कुठं मी सुंदराला विचारलं – घरात त्या आजी होत्या, त्या कुठं गेल्या?

ती म्हणाली, "घरात कोण असंल, बाई? पोरीबिगर कुणी न्हाय."

ती मंद्रूपकडची, दुष्काळात नवऱ्याबरोबर शहरात आलेली. सासू नाही, आई गावी. मी त्या बाईचे शब्द सांगितले, तर म्हणाली की आमच्यात कानडी कुणालाच येत नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं... वर मराठीत लिहिलीत तीसुद्धा, सगळी उत्तरं मला कानडीत मिळाली होती. माझ्या घरी दोन्ही भाषा चालायच्या, त्यामुळं कानाला काही वेगळं वाटलंच नव्हतं.

कुलकर्णी सरांनी फॉर्म दोनदा वाचला. शेजारच्या खोलीतला आवाज असेल, म्हणाले. आम्ही जाऊन पाहिलं – एका भिंतीपलीकडं सुताच्या गाठोड्यांचं गोदाम, तेही बंद, आणि दुसऱ्या बाजूला बोळ. मग ते म्हणाले, आईचं नाव तू आधीच्या घरी ऐकलं असशील. पण त्या बोळात आधीचं घरच नव्हतं. सर चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, नवा फॉर्म भर, आईला विचारून.

चार दिवसांनी संध्याकाळी गेले. मुलगी दारापुढं खेळत होती. मुकादमाशी भांडून सुंदरा आता तिला वखारीत नेऊ लागली होती. मी छापील प्रश्न विचारला – आधी तुम्ही कामावर असताना मुलीला कोण बघायचं?

"कुणी न्हाय. तसंच लिवा."

मी लिहिलं. मग हळू आवाजात तिनं विचारलं, ती बाई माझ्यावर रागावली होती का? मी म्हटलं, नाही, अजिबात नाही. त्यावर तिनं तोंडाला पदर लावला.

"कुलूप लावलं की पाय उचलत नव्हता माजा. रोजच. म्हंजी तितं माजी पोर एकली नव्हती की."

ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती रडत होती, पण मनावरचं ओझं उतरल्यासारखी.

तो आवाज कुणाचा, मला माहीत नाही. डोक्यात सगळे तर्क करून झाले. भास म्हणावा, तर भासाला वखारीचा पत्ता कसा ठाऊक?

नवरा मला विचारतो, तुला भीती नाही वाटली? त्या आवाजाची कधीच नाही वाटली. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात मी कितीतरी कुलपांपुढं उभी राहिले होते, आतून काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि 'घर बंद' लिहून पुढं गेले होते... ती दारं मात्र अजून आठवतात.