गोदाकाठचं विरजण

हसायचं असेल तर आधी चहा संपवा बायांनो, उगाच ठसका लागेल! मोंबाशातली ही माझी फजिती आजवर यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही. आणि वहिनी, तू कुठे उठतेस? बस खाली. निम्मं पातक तुझंच आहे.

तर, आमचे हे तिकडे आफ्रिकेत, मोंबाशाला रेल्वेच्या कचेरीत. तिथे आपली मराठी घरं मोजून सहा. आमच्या वरच्या मजल्यावर दुर्गाबाई, कृष्णाकाठच्या. स्वभावाने चांगल्या हो, पण दह्याचा विषय निघाला की संपलं! "आमच्या कृष्णाकाठचं दही कसं, फडक्यात बांधून न्यावं!" दर दसऱ्याला सहाही घरांचं श्रीखंड दुर्गाबाईंकडे. आम्ही बाकीच्या पाच जणींनी नुसत्या पुऱ्या लाटायच्या.

मी नाशिकची, नाव गोदावरी, आणि दह्यासाठी कृष्णेपुढे मान खाली घालू? गेल्या खेपेला आम्ही रजेवर निघालो तेव्हा धक्क्यावर सगळ्यांदेखत बोलून बसले, "दुर्गाबाई, येताना नाशिकचं विरजण आणते. यंदा श्रीखंड माझ्याकडे. नाही जमलं, तर जन्मभर तुमच्या पुऱ्या लाटीन!"

बोलले खरी, पण बोटीवर दही टिकणार कसं? आमची वहिनी हुशार. तिने दादाचं जुनं धोतर फाडलं. एक तुकडा स्वच्छ धुऊन तीनदा दह्यात बुडवला, सावलीत वाळवला. "वन्सं, हा कोमट दुधात टाका, सकाळी दही!" उरलेल्या धोतराचे यांच्यासाठी सहा रुमाल शिवले. तुकडा काय, रुमाल काय, माप एक, शिवण एक. आणि ट्रंकही तिनेच भरली, कारण मी पंचवटीत घरोघर निरोपाचं हळदीकुंकू घेत हिंडत होते. हे एवढं ध्यानात ठेवा.

मोंबाशाला उतरलो त्या दिवशी जेवायला दुर्गाबाईंकडे. शेवटी दहीभात आला. मी जिभेला लावला आणि म्हटलं, "दही जरा आंबटच आहे, नाही?"

"बोटीचं पाणी लागलं असेल तुम्हाला," दुर्गाबाई म्हणाल्या. "तोंडाची चव जाते हो कधीकधी!"

यांनी मात्र दोनदा मागून घेतलं. निम्मं पोटात, निम्मं मिशांना आणि सदऱ्याला. पुरुषांना कुठे मान राखता येतो का बायकोचा?

दुसऱ्या दिवशी बघते, तर ट्रंकेवरच्या कपड्यांत पांढरा तुकडा! वाळून कडक झालेला, आंबूस वासाचा. हेच ते! मी न्हाऊन सोवळं नेसले, दूध चांगलं आटवलं, कोमट केलं, गोदामाईचं नाव घेतलं आणि तुकडा आत सोडला.

सकाळी झाकण काढलं आणि काय सांगू! वाटी उपडी केली तरी दही हलेना! मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या पिटल्या. वाटीभर दही घेऊन पाचही घरं फिरले.

"काय गोडी आहे!" कुणी म्हणालं. "गोदेच्या पाण्याचाच गुण हा!" अहो, दूध मोंबाशाचं, पाणी मोंबाशाचं, पण मी कशाला बोलते? मी आपली मान डोलावली.

हे मात्र रोज कुरकुरत. "अगं, माझा एक रुमाल सापडत नाही. पाचच आहेत."

"मी इथे नाशिकचं नाव गाजवतेय, आणि तुम्ही रुमाल कसले मोजता!"

दसरा आला. सहा घरांचा चक्का माझ्याकडे टांगला. वेलची, केशर, हात मोडेपर्यंत घोटलं. पंगतीत श्रीखंड वाढलं मात्र, पुरुषमंडळी बोलायची थांबली! तिसऱ्यांदा वाढून झाल्यावर एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "गोदाबाई, असं श्रीखंड देश सोडल्यापासून खाल्लं नव्हतं." आणि दुर्गाबाई? आमच्या दुर्गाबाई पुऱ्या तळत होत्या! मला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः वाटी घेऊन खाली आल्या. "गोदाबाई, हरले बाई मी. माझं विरजण ओतून टाकलं. तुमचं घाला थोडं."

मी वाटी काठोकाठ भरून दिली. कृष्णेला गोदेचं दही! हे बघायला माझी आई हवी होती, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

दिवाळीनंतर वहिनीचं पत्र आलं. "वन्सं, दह्याचं वाचून आनंद झाला. घाईत एक सांगायचं राहिलं होतं. रुमालांत घोटाळा नको म्हणून विरजणाच्या तुकड्याला मी लाल दोरा घातला आणि मेतकुटाच्या डब्यात तळाशी ठेवला. तुम्हाला लगेच सापडला, हे बरं झालं."

लाल दोरा? माझ्या तुकड्याला कुठला लाल दोरा?

मेतकुटाचा डबा परातीत उपडा केला. तळाशी कागदाची पुडी, पुडीत तुकडा, कोपऱ्याला लाल दोरा! मग मी दुधात घातलं ते काय?

"अहो, तुमचा तो सहावा रुमाल कधीपासून नाही?"

"पहिल्या दिवसापासून! दुर्गाबाईंकडे दही सांडलं ना, मिशा पुसल्या, सदरा पुसला आणि धुवायला म्हणून ट्रंकेवर टाकला. तेव्हापासून विचारतोय, पण तू ऐकतेस कुठे?"

कपाळ माझं! सहा घरांनी दसऱ्याला यांच्या मिशा पुसलेलं श्रीखंड खाल्लं! मी सोवळं नेसून तो रुमाल दुधात घातला! आणि तेही जाऊ दे. ज्या दह्याला मी आंबट म्हणून नाक मुरडलं, तेच दुर्गाबाईंचं दही मी दोन महिने नाशिकचं म्हणून मिरवलं. त्यांचंच त्यांना वाटी भरून दिलं!

हे पोट धरून हसत होते. मी म्हटलं, "हसा! पण याची वाच्यता केलीत तर बघा. मी आत्ता खऱ्या नाशिकच्या विरजणाचं दही लावते, म्हणजे खोट्याचं खरं होईल."

भांडी उकळत्या पाण्याने धुतली, जुनं दही थेंबभर ठेवलं नाही, आणि लाल दोऱ्याचा तुकडा दुधात सोडला. सकाळी बघते, तर पाणचट, कडवट, चमचा उचलला की ही लांब तार! अडीच महिने मेतकुटात राहून दुसरं काय होणार? वहिनी, तुझा दोष नाही ग. बरं, थोडा आहे.

भांडं लपवणार तोच दुर्गाबाई दारात! बोट घालून चाखलंसुद्धा.

"अगं बाई! हे काय झालं? अगदी माझ्या जुन्या दह्यासारखं लागतंय!"

नाशिकचं अस्सल दही, ते दुर्गाबाईंच्या दह्यासारखं! आणि दुर्गाबाईंचं होतं, ते नाशिकचं! मी पदर डोळ्यांना लावला.

"हात्तिच्या, रडवेल्या काय होताय?" त्या धावत वर गेल्या आणि भरली वाटी घेऊन आल्या. माझ्या हातात ठेवून पाठीवरून हात फिरवला.

"घ्या," म्हणाल्या, "आणि संकोच करू नका हो. तुमचंच आहे!"