कणगीतली बॅटरी

"भात करपला गं!" माझा म्हातारा आतल्या खोलीतून ओरडला.

चुलीवर भात नव्हता. जेवणं उरकली होती आणि मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. तशीच राखेच्या हातांनी आत आले. आतल्या खोलीच्या दारातून पांढरा धूर जमिनीलगत सरकत बाहेर येत होता. लाकडाचा धूर मला कळतो. हा तो नव्हता. वास गोडसर होता आणि घशात टोचत होता. कणगीत कुकरसारखं सूं सूं चाललं होतं. मग आत फट् झालं आणि कणगीचं तोंड पेटलं.

आमची कणगी जुनी. बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली, वर्षाचं भात साठवायची. ती दाराला लागून, आणि तिच्या पलीकडे भिंतीशी म्हाताऱ्याची खाट. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली आहे. आपण होऊन तो कुशीलाही वळत नाही. त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी आहे, तिला गज आहेत.

कणगीत काय पेटलंय ते मला ठाऊक होतं. मीच ते तिथं पुरलं होतं.

माझी नात आखाती देशात नर्स आहे. आठ दिवसांच्या सुट्टीवर ती रानशेतला आली ती बॅगेवर बसून. रिक्षातून उतरली, ती चाकांची, बॅटरीवर पळणारी बॅग खाली ठेवली, तिच्यावर टांग टाकली, दांड्यावरचं बटण दाबलं आणि पाड्याच्या सिमेंट रस्त्यावरून सरळ आमच्या दारात. कोंबड्या पळाल्या. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, माणसं बॅग आणतात, हिला बॅगच घेऊन आली!"

"तिकडची विमानतळं केवढी मोठी असतात आजी," नात म्हणाली. "चालून चालून पाय तुटतात."

"मग घे तोडून. बॅगेवर बसायला पाय कशाला हवेत?"

"तू बस ना एकदा."

"मला न्यायला चार माणसं येतील तेव्हा बसेन."

दुसऱ्या दिवशी ती वरोरला मामाकडे गेली ती बॅग घेऊनच. समुद्राला ओहोटी होती, ओली वाळू टणक होती. मामाच्या मुली आणि ही, आळीपाळीनं बसून फिरल्या. एक लाट आली आणि बॅग चाकांपासून वरपर्यंत भिजली. बंद पडली. नातीनं घरी येऊन तिच्यातली बॅटरी ओढून काढली. विटेएवढी होती. तिच्यातून खारं पाणी गळत होतं.

"आजी, ही ओटीवरच राहू दे. हात लावू नकोस. डहाणूला कुणाला तरी दाखवते," असं तिनं मला सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं.

पण मागच्या पावसात मुलाचा मोबाइल विहिरीवर पाण्यात पडला, तेव्हा सुनेनं तो तांदळाच्या डब्यात पुरला होता. दोन दिवसांनी तो वाजला. तेव्हापासून पाड्यात काही भिजलं की लोक तांदूळ शोधतात. मीही तेच केलं. डब्यात तांदूळ थोडे होते आणि बॅटरी मोठी होती, म्हणून कणगीतल्या भातात कोपरभर खड्डा करून घातली. तिच्यावर इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलं होतं आणि एक लाल चित्र होतं. मला मराठी वाचता येतं. चित्राकडे मी लक्ष दिलं नाही. आग लागली त्या दिवशी सकाळी नात मैत्रिणीच्या लग्नाला तलासरीला गेली. मुलगा आणि सून घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला गेले. मी कुणालाच काही बोलले नाही. पोरगी परत येईल तेव्हा बॅग चालू करून दाखवायची, एवढंच मनात होतं.

आता ती वीट माझ्या नवऱ्याच्या खाटेपासून दोन हातांवर पेटली होती.

मी हंडाभर पाणी ओतलं. आग बसली. मी दुसरा हंडा आणायला वळले, तेवढ्यात मागे पुन्हा फट् झालं आणि ठिणग्या कौलांपर्यंत उडाल्या. पाण्यानं विझून पुन्हा आपोआप पेटणारी आग मी जन्मात पाहिली नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला बाहेर पळावंसं वाटलं. अंगणापर्यंत मी गेलेही. शेजारणीला हाक मारायला गेले असं मी नंतर लोकांना सांगितलं. हाक मी मारली, पण पळाले ते भीतीनं.

आतून म्हातारा खोकत होता. मग खोकणं थांबलं. ते थांबलेलं मला जास्त भेसूर वाटलं.

लुगड्याचा पदर पाण्यात बुडवून तोंडावर बांधला आणि भिंतीला पाठ घासत कणगीच्या बाजूनं आत गेले. डाव्या दंडाला चटका बसला, तो नंतर कळला. धुरात खाट दिसेना, हातानं चाचपली. त्याच्या अंगाखालच्या गोधडीची दोन टोकं धरून ओढली. तो हलेना. पुन्हा ओढली. तेव्हा समजलं की त्याच्या एका चांगल्या हातानं त्यानं खाटेचा पाय घट्ट धरला होता.

"हात सोडा," मी म्हटलं.

"पडेन मी."

"अहो, जळाल! सोडा!"

"पडेन गं, पडेन."

लहान मुलासारखं एकच. कणगी एका बाजूनं फाटली आणि जळतं भात जमिनीवर सांडलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला मी कधी एकेरी हाक मारली नव्हती. तेव्हा ओरडले, "सोड मेल्या!" आणि वाकून त्याच्या बोटांना चावले. जोरात चावले. तोंडात रक्ताची चव आली. हात सुटला.

तो खाली आपटला. गोधडीसकट त्याला ओढत, जळत्या भातावरून मी दाराबाहेर आणला. शेजारीण अंगणात पोचली होती. दोघींनी मिळून त्याला आंब्याखाली नेला. मग माणसं आली, माती टाकली, पण कणगी आणि खोलीवरचं अर्धं छप्पर गेलं. बॅटरी माती टाकल्यावरही बराच वेळ खाली फुसफुसत होती. कुणी जवळ जाईना.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छातीत धूर गेलाय, वय झालंय, दोन दिवस काही सांगता येणार नाही. मी बाकावर बसून होते. तो श्वास घ्यायचा आणि मी पुढच्याची वाट बघायची.

संध्याकाळी नात लग्नाच्या साडीतच आली. तिनं आजोबांची नाडी स्वतः धरून पाहिली. मग मला विचारलं, "आजी, बॅटरी तर ओटीवर होती."

"मी कणगीत ठेवली."

"का गं?"

"सुकायला."

ती माझ्या दंडाला मलम लावत बसली.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं डोळे उघडले. पट्टी बांधलेली बोटं पाहिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला मेल्या म्हणालीस."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर?"

"आत कुणी नव्हतं."

त्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. दोघंही वाचलो.