राहीचे हात

तुळसाची राही सात वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून "आये" निघालं नव्हतं. आनंद झाला की ती दोन्ही हात डोळ्यांपुढं भिरभिर हलवायची. पाटीतले बांगडे काढून रांगेत मांडायची, सगळ्यांची तोंडं समुद्राकडं. एकाला कुणी हात लावला की किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. बुरोंडीत याला नाव नव्हतं. लोकांनी मग बाधेपासून बापाच्या पापापर्यंत जे सुचेल ते नाव दिलं.

भागूबाईचा मुलगा मुंबईला गोदीत. त्यानं टीव्ही आणला, आणि रविवारी अर्धी वाडी तिच्या पडवीत जमू लागली. तुळसा राहीला घेऊन दाराशीच बसायची. पोर किंचाळली तर पळायला बरं.

एका रविवारी नाटिका लागली. तिच्यातली मुलगी बोलत नव्हती, डोळ्यांपुढं हात हलवत होती, मणी रांगेत मांडत होती. तुळसा पळायच्या बेतात सरसावून बसली. आता हिला झोडपणार, नाहीतर शेवटी मारून टाकणार. नाटकवाल्यांना दुसरं येतं काय? पण त्या मुलीचा आजा खाली बसला आणि तिच्या रांगेला आपला एक मणी लावला. मुलगी हसली.

राही उठली. माणसं तुडवत थेट टीव्हीपुढं जाऊन बसली. आतली हात हलवी, बाहेरची हात हलवी. तुळसानं पदर तोंडात कोंबला. आपल्या पोरीसारखी आणखी एक आहे जगात, आणि तिला कुणी मारत नाही!

नाटिका संपली. मग तीच मुलगी दोन वेण्या घालून आली आणि कार्यक्रमाच्या बाईंनी विचारलं तसं खडाखडा बोलली. चौथीत आहे म्हणाली.

पडवीत हशा पिकला. "अगो, सोंग होतं ता!" भागूबाई म्हणाली. "शिमग्यात आपला बाबल्या संकासूर होतो ना, तसं. कपडे उतरले की बाबल्या तो बाबल्याच."

राहीचा बाप केरू हसला नाही. भगताला कोंबडे देऊन देऊन तो थकला होता. "म्हंजे हीपण सोंगच करते?"

"अवो, ती नाटकातली," तुळसा म्हणाली. "आपली जन्मापासून तशीच हाय."

"तीपण तशीच होती की मघाशी! सगळ्यांनी बघितलं."

"लाड करतेस गो तुळसे," भागूबाईनं भर टाकली. "हात बांधून ठेव दोन दिवस. बोलेल पोपटासारखी."

केरूनं जाळ्याच्या दोरीनं हात बांधले. तुळसा आडवी आली, तिलाही दोन बसल्या. राही रात्रभर ओरडली. दुसऱ्या दिवशी ओरडली नाही. दोरी सोडली तरी हात मांडीवर तसेच राहिले. बोलली मात्र नाहीच.

वाडी म्हणाली, सुधारली. भागूबाईनं तर राहीला पडवीत पुढची जागा दिली, आणि आमच्या टीव्हीचा गुण आला म्हणून गावभर सांगत सुटली. टीव्ही तिचा, तिला खोटी पाडायची कशी?

केरू होडीवर गेला की तुळसा राहीचे हात धरून तिच्या डोळ्यांपुढं आपणच हलवी. सोडले की ते खाली पडत.