बाबांनी पट्टी उघडली नाही

मंडळी, आज बाबांचा इतका अभिमान वाटतोय की घरी आल्याआल्या लिहायला बसलेय.

बाबांना शुगर आहे. तळपायाची जखम कित्येक महिने भरत नव्हती. ते रोज पट्टी सोडून बघायचे आणि जखम सुकावी म्हणून पाय उन्हात धरायचे. शेवटी डॉक्टरांनी फोमची पट्टी लावली. आत ओलावा टिकला की नवी कातडी लवकर येते, आम्ही सांगू तेव्हाच उघडायची, असं बजावलं.

पण बाबा पडले अंबरनाथ एमआयडीसीतले जुने फिटर. उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हात पट्टीकडे गेला की आई विचारायची, "अहो, कंपनीत चालू मशीनचं झाकण उघडायचात का?" बाबा गुपचूप हात मागे घ्यायचे.

आज बदलापूरच्या दवाखान्यात शेवटची पट्टी निघाली. जखम भरलीय, वर गुलाबी कातडी आलीय. डॉक्टर म्हणाले, "काका, शुगर सांभाळलीत आणि पट्टीला हात लावला नाहीत, म्हणून जमलं."

बाहेर बाकावर एक गृहस्थ आपल्या पायाच्या तशाच पट्टीची कड उचलून आत बघत होते. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"राहू द्या भाऊ," म्हणाले, "आत काम चालू आहे."