आधी वानगी

जगातली कोणतीही गोष्ट पहिल्याच झटक्यात अख्खी पाहू नये असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडभाऊ निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मान द्यावा लागतो आणि वर ऐकूनही घ्यावं लागतं. या खोडीपायी त्यांनी पोटच्या पोरीचं लग्न मोडायची पाळी आणली होती, पण त्याकडे वळण्याआधी खोड काय ते सांगतो. ऐंशीच्या दशकात ते सौंसरला सिंचनाच्या कचेरीत मुख्य नकाशाकार होते. कॉम्प्युटर नावाची चीज तेव्हा सौंसरच्या स्वप्नातही नव्हती. बंधारे, कालवे, पूल, सगळ्यांचे नकाशे छतापर्यंत गुंडाळ्या करून रचलेले. कोणी साहेब नकाशा मागायला आला की हे धास्तावत. गुंडाळी सारखी उघडली की कडेनं फाटते, निळा कागद विटतो, आणि एवढं करून कळतं की साहेबाला भलताच नकाशा हवा होता.

म्हणून त्यांनी शक्कल लढवली. प्रत्येक नकाशाची पोस्टकार्डाएवढी नक्कल हातानं काढायची आणि दोऱ्यानं गुंडाळीला बांधून ठेवायची. कापूस विकताना मूठभर वानगी दाखवतात, तसं. "आधी वानगी पाहा साहेब, मग माल मागा." इथवर अक्कलहुशारीचंच काम होतं. पण ते इथंच थांबले असते तर मी हे कशाला लिहीत बसलो असतो? नकाशे संपल्यावर त्यांनी मोजणीच्या वह्या धरल्या. एका वहीची वानगी म्हणजे कार्डावर जमिनीच्या चढउताराची एक वाकडी रेघ. फोटोंच्या निगेटिव्ह खिडकीशी धरून त्यातली माणसं पेन्सिलीनं उतरवली, आणि त्यात ठेकेदाराचं पोट तसूभरही कमी केलं नाही. मातीच्या पिशव्यांना चिमूटभर माती डिंकानं चिकटवलेली कार्डं लागली. वरिष्ठांच्या एका खरमरीत पत्राची वानगी म्हणून तर त्यांनी नुसत्या दोन चढलेल्या भुवया काढल्या होत्या. ते कार्ड वरिष्ठांनी पाहिलं. पुढचं पत्र नावानिशी साडभाऊंनाच आलं.

घरीही तीच तऱ्हा. जेवायला बोलावलं तर हे आधी तळहातावर चमचाभर भाजी मागणार. टॉकीजबाहेरचं पोस्टर निरखून "झाला पाहून" म्हणत घरी परतणार. कोणी काही सांगायला बसलं की यांचा हात वर: "वानगी सांगा जी, बाकी समजून घेतो." सासऱ्यांचं दुखणं सांगायला मी पांढुर्ण्याहून मुद्दाम बसनं गेलो, तर दारातच विचारलं, "जगून राहिले ना? मग झालं तं." माझं टाळकं असं सणकलं की चहा न घेता परत निघणार होतो.

या पार्श्वभूमीवर शुभाचं लग्न आलं. शुभा ही त्यांची एकुलती एक लेक. स्थळ मीच सुचवलेलं: मुलगा तिगावच्या शाळेत मास्तर, घरचा संत्र्याचा बगीचा. मुख्य म्हणजे शुभानं त्याला जामसांवलीच्या देवळात पाहून घेतलं होतं आणि मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, कानात सांगून ठेवलं होतं, "करीन तं इथंच." मुलाकडच्यांनी रीतसर फोटो मागितला. साडभाऊंना फोटो पटेना. "फोटोत एकच बाजू दिसते. लोकांना अंधारात काऊन ठेवायचं?" म्हणून त्यांनी कार्डावर लेकीची वानगी काढली: समोरून, बाजूनं आणि वरून. वरून म्हणजे एक गोल, मधोमध भांग, दोहीकडे खांद्यांची टोकं. खाली प्रमाण, कोपऱ्यात सही आणि 'तपासले'. पाकीट पोस्टात पडल्यावर घरी कळलं.

थोड्याच दिवसांत मुलाचे वडील पांढुर्ण्याला माझ्या दारात. ते कार्ड पुढे करून म्हणाले, "राग नका मानू जी, पण पोरीच्या पायाले काई खोट हाय का? इथं पाहा ना, कमरेखाली समदं तुटक तुटक दाखवून राहिले."

मी कार्ड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. जे आहे पण झाकलेलं आहे ते तुटक रेघेनं दाखवायचं, हा नकाशाकारांचा नियम. पातळाआडचे पाय साडभाऊंनी इमानेइतबारे तुटक रेघेनं काढले होते. मी परोपरीनं समजावलं. म्हातारा मान हलवत राहिला. "तुमी तं म्हणसानच. सोयरे आहा तुमी त्यायचे."

मी सौंसर गाठलं आणि सगळं सांगितलं. शुभाची आई डोळ्यांना पदर लावून बसली. साडभाऊंचा चेहरा उतरला, पण बोलले काय, तर "दुसरी काढून पाठवतो. पायांची वेगळी काढतो." तेवढ्यात शुभा आतून आली. रडून तिचे डोळे लाल झाले होते. "बाबा, आता काहीच काढायचं नाही. मावसाजी, उद्या मी तुमच्यासोबत तिगावला येऊन राहिली."

आणि आली. माझा निरोप मिळताच मुलाकडच्यांनी स्टेशनवर बैलगाडी पाठवली होती, तीत न बसता बगीच्यापर्यंत तरातरा चालत गेली; मी मागून धापा टाकत. मुलाचे वडील फाटकात उभे होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकून राहिली. "मामाजी, बाबांनी वरूनही काढलं होतं ना, तेवढं ताडून घ्या." म्हाताऱ्याला तोंडातल्या सुपारीचा ठसका लागला. हसता हसता त्यांनीच तिला उठवलं, घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितला, आणि चहा होईस्तोवर लग्न ठरलं होतं.

लग्नानंतर काही दिवसांनी तिगावला शुभाला भेटून मी सौंसरला गेलो. साडभाऊंचा स्वभाव ठाऊक, म्हणून उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, "पोरगी मजेत आहे."

त्यांनी माझा हात धरला. "असं नाही जी. बसा. सगळं सांगा."

"सगळं म्हणजे?"

"सकाळी उठते तेव्हापासून."

मी सांगत गेलो. ती उठते कधी, सासू तिला काय म्हणून हाक मारते, बगीच्यात कोणासोबत जाते, भाकरी कशी करते. जरा थांबलो की हे म्हणत, "मग?" मला माहीत नव्हतं तेही विचारलं: हसते का तिथं, घरी हसायची तशी, जोरात? मी हो म्हणालो. रस्त्यानं माझी बस निघून गेली. एरवी मी चिडलो असतो, पण त्या दिवशी मला त्या माणसाची फार माया आली. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आता पुन्हा सांगा."