नामदेवची साक्ष आणि सबनीसकाका

माझा भाऊ खुनी नाही, हे मला पहिल्यांदा सांगणारा माणूस काल सकाळी गेला.

भावाच्या हातून माणूस मेला होता, हेही मला त्यांनीच पहिल्यांदा मान्य करायला लावलं.

सबनीसकाका. ट्रॉय, मिशिगन. वय एकोणनव्वद. झोपेतच गेले.

इथल्या नव्या मंडळींना ते गणपतीत मागच्या खुर्चीवर बसणारे, कमी बोलणारे आजोबा म्हणून माहीत. मुंबईत ते हायकोर्टात फौजदारी अपिलं चालवायचे. काकूंना इथे नर्सची नोकरी मिळाली, म्हणून सगळं सोडून आले. इथे वकिली करता येईना, तर इन्शुरन्स ऑफिसात क्लेम तपासायला लागले.

"सध्या मोडक्या बंपरची अपिलं चालवतो," म्हणायचे.

मी तेव्हा एका मशीन शॉपमध्ये लेथवर होतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य.

गावाकडून जाड खाकी पाकीट आलं, निकालाच्या आणि साक्षींच्या नकलांचं. धाकट्या भावाला, दत्ताला, जन्मठेप. कलम ३०२.

विहिरीवरची मोटर सामाईक. वीज यायची दोन-चार तास. आधी पाणी कोणी घ्यायचं, यावरून दत्ता आणि शेजारचा वसंता भांडले. दत्ताने त्याच्या डोक्यात पाना घातला. थोड्याच वेळात वसंताची शुद्ध गेली, ती परत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातच वारला.

आज मी हे सरळ लिहितोय. तेव्हा आमच्या घरात हे असं कोणी बोलतच नव्हतं.

आमच्या घरात, दत्ता त्या दिवशी विहिरीवर नव्हताच. तो आमच्या वडिलांबरोबर, आबांबरोबर, तालुक्याच्या बाजारात होता. वकिलाने तेच मांडलं. आबांनी शपथेवर तेच सांगितलं. कोर्टाने ते चार ओळींत उडवलं.

मीही काकांना तेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"निकाल राहू दे. आधी साक्षी वाच. मोठ्याने."

शनिवारी दुपारी त्यांच्या किचन टेबलाशी वाचायला बसलो. सरकारी साक्षीदार नामदेव, त्याने पलीकडच्या शेतातून लांबून पाहिलं होतं. त्याच्याशी आमच्या घराने बोलणं टाकलं होतं. उलटतपासणीत आमच्या वकिलाने त्याला खोटारडा ठरवायला जंग जंग पछाडलं होतं.

काकांनी ती साक्ष तीनदा वाचायला लावली. कान तिखट म्हणून मी एरवी मिरवतो, पण मलाही तिसऱ्या वेळेलाच ऐकू आलं.

आधी दोघांची झटापट झाली. वसंताने दत्ताला चिखलात पाडलं. पाना मोटरपाशीच पडलेला होता. दत्ताने तो उचलला, एकदाच घातला. मग फेकून दिला आणि "गाडी आणा" म्हणून ओरडत सुटला.

"अरे, हा तुमचा साक्षीदार आहे," काका म्हणाले. "आणि तुम्हीच त्याला खोटा पाडताय."

"पण काका, तो तर म्हणतोय की दत्तानेच..."

"दत्तानेच. माणूस गेलाय, ते विसरून बोलू नकोस. प्रश्न एवढाच, की हा खून आहे का. ठरवून गेला नव्हता. हत्यार नेलं नव्हतं. भांडण अचानक पेटलं. घाव एक, पडलेल्यावर दुसरा नाही. याला कायदा सदोष मनुष्यवध म्हणतो. शिक्षा त्यालाही आहे. पण कमी होऊ शकते."

त्यांची सात वर्षांची मुलगी दारात उभी होती. "बाबा, इज हिज ब्रदर अ बॅड गाय?"

"दॅट्स व्हॉट वी आर रीडिंग, बेटा."

मुंबईत आमचं अपील बघणाऱ्या वकिलांसाठी काकांनी चार पानांचं टिपण लिहिलं. उत्तर आलं: मुद्दा पक्का आहे, पण तुमचे वडील ऐकत नाहीत.

आबांचं मला कळत होतं. नामदेव खरा, तर आबा खोटे. तेही शपथेवर, अख्ख्या गावासमोर.

मी काकांच्या घरून ट्रंक कॉल लावला.

"आबा, तुम्ही काही कबूल करायचं नाही. वकील एवढंच म्हणणार, कोर्टाने जे खरं धरलं तेच धरा, तरी हा खून होत नाही."

"आन मी? मी लबाड व्हय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी हात वर केला. बोलू नकोस.

खरखरीतून आबांचाच आवाज आला.

"पोरगं भाईर येईल का रं?"

"काका म्हणतात, खात्री नाही. पण बाजाराची गोष्ट धरून बसलो तर नाहीच येणार."

मग म्हणाले,

"लिव त्यास्नी. बाजारात मी एकटाच हुतो."

आबांना मी आयुष्यात एवढं मोठं दुसरं काही करताना पाहिलं नाही.

पुढे अपील निघालं. ३०२ गेलं, सदोष मनुष्यवधाच्या ३०४चा दुसरा भाग लागला. सात वर्षं. त्यातली बरीच दत्ता भोगून बसला होता.

मी पेढे घेऊन काकांकडे धावलो. त्यांनी बॉक्स घेतला, टेबलावर ठेवला. उघडला नाही.

"वसंताच्या घरी कोणी गेलं का?"

कोणी गेलं नव्हतं. मला तर सुचलंही नव्हतं.

"अपिलात हे बसत नाही," काका म्हणाले. "म्हणून वेगळं सांगतोय."

दत्ता सुटला तेव्हा मी त्याला फोनवर एवढा एकच निरोप दिला. तो घरी जायच्या आधी तिकडे गेला.

वसंताच्या बायकोने त्याला आत घेतलं नाही. हाकललंही नाही. तिने एकच विचारलं.

"पडल्यावर ते काही बोलले का?"

इतकी वर्षं हे तिला सांगू शकेल असा एकच माणूस होता. आणि तो तिथे नव्हताच, असं आम्ही म्हणत होतो.

दत्ताने उंबऱ्याबाहेर बसून तिला सांगितलं. काय, ते मी कधी विचारलं नाही.

काकांना हे कळवलं, तर चष्मा काढून पुसत बसले. मग काकूंना म्हणाले, "चहा टाक गं. यालाही."

काल दत्ताला फोन केला. काकांना तो कधी भेटला नव्हता. म्हणाला, "दादा, माझ्या वतीनंबी हात जोड."

जोडले.

काका, आम्हां दोघा भावांचा शेवटचा नमस्कार.